टाळ्या कोणी वाजवल्या

बर्नडीन स्क्रोबाक आमच्या गल्लीतल्या मांसाच्या दुकानात सॉसेजच्या काउंटरवर उभी असायची. दुकान तिचं नव्हतं, पण गिऱ्हाइकं मालकापेक्षा तिलाच जास्त ओळखत. ईस्टरच्या आधी रांग रस्त्यापर्यंत जायची आणि तरी ती प्रत्येकाच्या घरच्यांची चौकशी केल्याशिवाय पुडकं हातात द्यायची नाही. नवरा लग्नानंतर लवकरच फ्लोरिडाला निघून गेला. त्याबद्दल ती एवढंच म्हणायची, "त्याला थंडी सोसत नसे." घराच्या खालच्या मजल्यावर ती राहायची आणि वरच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ कॅझ. तो बंदरात क्रेन चालवायचा.

अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममधल्या, दर मोसमाला राखीव असलेल्या दोन खुर्च्या त्यांना वडिलांकडून मिळाल्या होत्या. म्हाताऱ्याचा जन्म पोलाद कारखान्यात गेला. मरताना घरादाराबद्दल तो काही बोलला नाही, खुर्च्यांबद्दल मात्र बोलला. "दोघं मिळून जात जा. भांडू नका." माझी खुर्ची बरोबर त्यांच्या मागे. बर्नडीन सगळ्यांसाठी सॉसेज घातलेले पाव करून आणायची, त्यात माझाही एक असायचा.

त्या वर्षी आमचा संघ सारखा हरत होता आणि टॉड रेनक्विस्टला शिव्या बसत होत्या. क्वार्टरबॅक तो. संघाची प्रत्येक चाल त्याच्या हातातून निघणार, म्हणून हरल्याचं खापरही त्याच्याच डोक्यावर. आधीच्या वर्षी याच लोकांनी आपल्या कुत्र्यांना त्याचं नाव ठेवलं होतं. आता तो मैदानात उतरला की वरपासून खालपर्यंत हुर्यो. कॅझ त्यात पुढे. बर्नडीन फार तर म्हणायची, "आज झोपेतच आलाय का हा?"

नोव्हेंबरचा रविवार होता. सरोवरावरून बोचरा वारा येत होता. आम्ही मागे पडलो होतो, म्हणून मी कॉफी आणायला जिन्याखाली गेलो. रांगेत असतानाच डोक्यावरचं काँक्रीट हादरलं. वर आरडाओरडा, टाळ्या. माझ्या पुढच्या माणसानं मूठ उंचावली. कॉफीवाली म्हणाली, "चला, एकदाचे गुण मिळाले वाटतं." मलाही तसंच वाटलं.

तीन कप सांभाळत वर आलो तर सगळे उभे होते आणि आवाज थांबलेला होता. रेनक्विस्ट गवतावर कुशीवर पडला होता. त्याचे पाय हलत नव्हते.

"काय झालं?" मी विचारलं.

"आदळला. दोघं अंगावर पडले," कॅझ म्हणाला.

"मग टाळ्या कसल्या?"

बर्नडीननं खिशातून हात काढून कप घेतला आणि तसाच धरून ठेवला.

दोन्ही संघांचे खेळाडू गुडघ्यावर बसले. त्याचं डोकं पट्ट्यांनी बांधून त्याला गाडीवर ठेवलं. गाडी निघाली तेव्हा लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, जखमी खेळाडूसाठी वाजवतात तशा. अशा वेळी खेळाडू हात वर करतो. त्याचा हात वर आला नाही. मग हॉलिस नावाचा राखीव क्वार्टरबॅक उतरला, आणि आम्ही जिंकलो. जिना उतरताना कोणाला कसला चेहरा करावा ते कळत नव्हतं.

सोमवारी रेडिओवर दिवसभर तेच चाललं होतं. आपल्याच माणसाला लागल्यावर टाळ्या वाजवणारे कोण ते शोधा, त्यांच्या खुर्च्या काढून घ्या. मी दुकानात गेलो तेव्हा फियाल्का आजी काउंटरपुढे गिऱ्हाइकांत उभ्या होत्या.

"जनावरं आहेत ती माणसं, बर्नडीन. तू तिथंच होतीस ना? कोण होते गं?"

"दिसलं नाही नीट. अर्धा पौंड देऊ की एक?"

"स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरचे असणार. तिथं पिऊनच येतात."

वरच्या मजल्यावर बसणारा पोस्टमन त्यांच्या मागेच उभा होता. तो म्हणाला, आवाज खालून आला. बर्नडीननं दोघांची पुडकी बांधून दिली. त्या आठवड्यात अख्ख्या शहरात टाळी वाजवलेला एकही माणूस मला भेटला नाही.

शुक्रवारी आम्ही तिघं नेहमीप्रमाणे तळलेले मासे खायला बारमध्ये गेलो. कॅझ मोठ्यानं बोलत होता. "माझ्या शेजारी कोणी वाजवली असती ना, तर उचलून खाली फेकला असता." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. बर्नडीननं त्याच्याकडे पाहिलं, मग लिंबू पिळून मासा खाल्ला.

घरी चालत येताना तिनं विचारलं, "कॅझ, मी वाजवल्या का रे?"

"काय?"

"टाळ्या. तू वाजवल्यास, ते मला माहीत आहे. मी माझं विचारतेय."

"मी हॉलिससाठी वाजवत होतो."

"बरं. आणि मी?"

"तू हातमोजे घातले होतेस. मला काय ऐकू येणार? आणि सोड ना आता, बाई. कोणी मुद्दाम केलं का?" तो भराभर पुढे गेला आणि जिना चढून वर गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं मला विचारलं. "एड, तू वर आलास तेव्हा माझे हात कुठे होते?"

"खिशात."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी मी खाली होतो."

"हो, खरंच की." तिनं काउंटर पुसला. मग सांगितलं, "पुढची रांग उठली म्हणून मी उठले. हॉलिसला मैदानात उतरायला जाकीट काढताना पाहिलं. आता तरी काहीतरी होईल, असं मनात आलं. ते अगदी नीट आठवतंय. हातांचं आठवत नाही."

ती रडेल, किंवा स्टेडियमला येणं तरी सोडेल, असं मला वाटलं होतं. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. रेनक्विस्टच्या मानेचं हाड मोडलं होतं आणि कमरेखाली जाणीव उरली नव्हती. लोकांनी हॉस्पिटलबाहेर मेणबत्त्या लावल्या, झेंडे ठेवले, खेळण्यातली अस्वलं ठेवली. कॅझनं रेनक्विस्टच्या नंबराची आपली टोपी ठेवली. बर्नडीन त्याच्याबरोबर गेली, जरा वेळ थंडीत उभी राहिली आणि परत येऊन तिनं कपडे धुवायला टाकले.

उरलेल्या सामन्यांना ती आली. पावही आणले. फक्त टाळी वाजवायची नाही. काही ठरवलं होतं असं मला वाटत नाही. चांगली चाल झाली की आम्ही उसळायचो आणि तिचे हात मांडीवर तसेच असायचे. वसंतात भाचीच्या लग्नात नवरा-नवरीनं एकमेकांचं चुंबन घ्यावं म्हणून सगळे ग्लासांवर चमचे वाजवत होते. तिनं चमचा उचलला, जरा वेळ धरला आणि ताटाशेजारी ठेवून दिला. कॅझशी तिचं भांडण झालं नाही. त्याचा डबा ती रोज भरत होती. पण सकाळी दोघं दारात उभं राहून बोलायची, ते बंद झालं.

सप्टेंबरमध्ये पहिल्या सामन्याआधी रेनक्विस्टच्या बायकोनं त्याला चाकाच्या खुर्चीतून मैदानाच्या मधोमध आणलं. सगळं स्टेडियम उठलं. टाळ्या थांबेचनात. कॅझ ढसाढसा रडत होता आणि बाहीनं नाक पुसत होता. मीही उभा होतो. बर्नडीन बसलेली होती. चारी बाजूंनी माणसं उभी असल्यामुळे तिला काहीच दिसत नसणार. ती पुढच्या माणसाच्या कोटाकडे पाहत होती.

तिच्या शेजारी त्या वर्षी एक नवीन बाई आल्या होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"गुडघे दुखतात," बर्नडीन म्हणाली.

दिवसभर दुकानात उभी राहणारी बाई ती. गुडघ्यांची तक्रार मी कधी ऐकली नव्हती. त्या बाईंनी तिला एक मलम सांगितलं, रात्री चोळून वर फडकं बांधायचं म्हणाल्या. बर्नडीननं नीट ऐकून घेतलं आणि मलमाचं नाव पुन्हा विचारलं. मग खुर्ची मैदानाबाहेर गेली, सगळे खाली बसले आणि सामना सुरू झाला.