‘होड्या काढा’ म्हणणारा माणूस

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते साठत जातात. मी तीन वर्षं समुद्राच्या लाटा मोजल्या. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, दिवसातून दोनदा. त्या आकड्यांनी चौदा रजिस्टरं भरली. ती ऑफिसात गेली, ऑफिसातून मुंबईला गेली आणि तिथे कुठल्यातरी कपाटात सुखानं झोपली. ज्या धक्क्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो धक्का काही झाला नाही. माझ्याकडे उरले ते किस्से. चार मित्र बसले की मला सांगायला लावतात आणि मीही फार आढेवेढे घेत नाही.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी मूळचा लांज्याचा. घरापासून समुद्र एवढा लांब की पोहणं सोडाच, भरती-ओहोटीचं गणितही मला शाळेच्या पुस्तकातूनच ठाऊक. अशा माणसाला सरकारनं रत्नागिरीच्या उत्तरेला एका पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, नेमलं. हातात लाल-पांढरे पट्टे मारलेली काठी, गळ्यात स्टॉपवॉच, काखेत रजिस्टर. गावानं मला पहिल्याच आठवड्यात नाव दिलं, लाटमास्तर.

त्या पुळणीवर अकरा होड्या होत्या. मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर धक्क्याला लागतात, धक्क्यावरून सुटतात. इथे धक्का नाही. होडी वाळूवरून ढकलत पाण्यात न्यायची आणि लाटा जिथे फुटतात ती रेघ ओलांडून बाहेर काढायची. रेघ ओलांडली की समुद्र शांत, पण ती ओलांडताना एक चुकीची लाट आली की होडी उलटलीच म्हणून समजा. त्यामुळे रोज पहाटे एकच प्रश्न असायचा, आज काढायच्या की नाही? त्याचं उत्तर एकच माणूस द्यायचा, हसनचाचा. जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, सत्तरी ओलांडलेले. पुळणीच्या माथ्यावर एका जांभ्या चिऱ्यावर बसून बघायचे. ते ‘काढा’ म्हणाले की होड्या निघायच्या.

*

पहिल्या दिवशी मी पाण्याच्या कडेला काठी रोवली, डोळा लावला, लाट फुटली. मी मोठ्यानं म्हणालो, “एक मीटर वीस!” आणि रजिस्टरात लिहिलं. सरकारी कामात पहिला आकडा लिहिताना वाटतो तेवढा अभिमान मलाही वाटला.

हसनचाचा चिऱ्यावरून उठून माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी रजिस्टरात डोकावून बघितलं.

“मास्तर, ही तर फुटून गेली,” ते म्हणाले. “येणारी मोज ना.”

मी म्हणालो, येणारी कशी मोजणार? ते म्हणाले, “मग आमच्या काय कामाचा तू?” आणि परत चिऱ्यावर जाऊन बसले. तीन वर्षांत ह्या प्रश्नाचं धड उत्तर मला सापडलं नाही.

*

किनाऱ्यालगतचा प्रवाह मोजायची आमची पद्धत म्हणजे पाण्यात एक मोसंबं टाकायचं आणि एका मिनिटात ते किती पावलं सरकतं ते बघायचं. ऑफिसनंच ठरवून दिलेली पद्धत होती, माझं डोकं नव्हतं. महिनाभर गावानं निमूटपणे पाहिलं. मग मासे विकायला जाणाऱ्या बायकांपैकी एकीनं मला थांबवून विचारलं, “मास्तर, आमी वर्षात एकदा दर्याला नारळ देताव. सरकार रोज मोसंबी देता. सरकारचा येवढा काय चुकलाय?”

मी तिला प्रवाहाचं सगळं शास्त्र समजावलं. तिनं मन लावून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मोसंबं टाकायच्या आधी मला हात जोडायला लावलं.

*

पहिलं वर्ष संपलं तेव्हा मुंबईहून आमचे मोठे साहेब आले. पँट दुमडून वाळूत उभे राहिले, रजिस्टर चाळलं, कॅल्क्युलेटर काढला. चेहरा खुलला.

“सरासरी लाट नव्वद सेंटिमीटर,” साहेब म्हणाले. “अगदी सौम्य किनारा आहे हो तुमचा.”

मी ते चाचांना सांगितलं. चाचांनी साहेबांना सलाम केला आणि फार अदबीनं विचारलं, “साहेब, ती सरासरी लाट कंच्या दिवशी येता? त्या दिवशी आमी होड्या काढू.”

साहेब हसले. मीही हसलो. चाचा मात्र हसत नव्हते, ते उत्तराची वाट बघत होते. मग साहेबांनी पँटच्या घड्या सोडवल्या आणि ते जीपकडे निघाले.

*

एकदा रेडिओनं मच्छीमारांना इशारा दिला, समुद्र खवळणार. चाचांनीही सकाळी बघून ‘नको’ म्हटलं. आणि त्या दिवशी समुद्र असा पडून राहिला की तेलाचा बुधला सांडलाय म्हणावं. शेजारच्या पुळणीवरचे लोक गेले आणि बांगड्यानं होड्या भरून आले. आमच्याकडे सगळे वाळूत बसून जाळी विणत होते आणि दात खात होते. संध्याकाळी एकानं चाचांना टोमणा मारलाच, “चाचा, तुफान कुठे ऱ्हायला?”

“नाय आला तां बरां झालां,” चाचा म्हणाले. “तुला काय भेटायचा होता त्याला?”

लोक हसले आणि उठून घरी गेले. मी चाचांचं सांत्वन करायला म्हणालो, चाचा, सावध राहिलात ते चांगलंच केलंत. त्यावर ते माझ्यावरच चिडले.

“‘नको’ बोलायला काय अक्कल लागता? ‘नको’ कोणीव बोलेल. ‘काढा’ बोलायला माणूस लागता.”

त्यांना तेव्हा दम्याचा त्रास सुरू झाला होता. पुळण चढताना दोनदा थांबायचे. आपल्यामागे समुद्र कोण बघणार, ह्याची काळजी त्यांना लागली होती. त्यांचा मुलगा कुवेतला, तो परत येणार नव्हता. गावातल्या एकेकाला ते विचारायचे. चांगले पन्नाशीचे, वादळात निभावलेले लोक, पण तो विषय निघाला की कोणाला बिडी पेटवायची असायची, कोणाला गाय बांधायची असायची. अकरा होड्या म्हणजे अकरा घरं. एकदा ‘काढा’ म्हटलं आणि काही झालं, तर त्या घरांच्या दारावरून जायचं कसं?

एक दिवस त्यांनी मलाही विचारलं. “मास्तर, तुज्याकडे रोजचा हिशोब हाय. तू बघशील?”

मी म्हणालो, चाचा, मला फक्त नोंद करायचा अधिकार आहे. ह्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

*

आता जानकीवहिनींबद्दल सांगायला हवं. मासे विकणाऱ्या बायकांमधल्या ह्या सगळ्यात अबोल. मी यायच्या आठ वर्षं आधी त्यांचा नवरा सदू ह्याच पुळणीवर गेला. चाचांनी ‘काढा’ म्हटलं होतं. सदूची होडी फुटत्या लाटेत आडवी झाली. तिघे पोहत बाहेर आले, सदू आला नाही. गावानं चाचांना दोष दिला नाही, दर्याच तो, असं म्हणून गप्प बसलं. जानकीवहिनींनीही दोष दिला नाही. फक्त त्या दिवसापासून त्या चाचांशी बोलल्या नाहीत. आणि चाचा त्या दिवसापासून शेवटची होडी रेघेबाहेर जाईपर्यंत गुडघाभर पाण्यात उभे राहायला लागले.

सदूचा मुलगा दिनू मोठा झाला आणि आईचं न ऐकता होडीवर गेला. त्याची होडी नेहमी पहिली. म्हणून वहिनी रोज पहाटे यायच्या, चाचांपासून दहा पावलांवर पाटी ठेवून उभ्या राहायच्या आणि समुद्राकडे बघायच्या. दोघांच्या मधे मी, काठी घेऊन.

एका सकाळी चाचा ‘काढा’ म्हणाले. लोक होड्यांना खांदे लावायला लागले. तेवढ्यात वहिनी समुद्रावरची नजर न काढता मला म्हणाल्या, “मास्तर, त्यांना इचारा, खडपाच्या दक्षणेला फेस सरळ भायर चाललाय तो बघितलानी काय?”

चाचा दहा पावलांवर होते, त्यांना सगळं ऐकू आलं होतं. तरी मी वळून त्यांना तेच वाक्य सांगितलं. ते उठले, कपाळावर हात धरून खडपाकडे, पाण्यात घुसलेल्या त्या खडकांकडे, बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “मास्तर, तिला सांग, नव्हता बघितला.”

मग लोकांकडे वळून त्यांनी हात आडवा केला. होड्या परत वर ओढल्या. तासाभरात खडपाच्या त्या बाजूला पाणी असं ओढायला लागलं की माझं मोसंबं एका मिनिटात दिसेनासं झालं.

ह्या दोन माणसांमधला मी पाहिलेला एकमेव संवाद तो हाच. तोही माझ्यामार्फत!

*

दोन हजार सालच्या ऑक्टोबरात एक गोरा तरुण रिक्षाच्या टपावर लांबलचक फळी बांधून आला. गोव्याहून किनारा धरून निघाला होता. लाटेवर उभं राहून सरकायचा त्याचा छंद. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी मधे पडलो आणि चाचांना सांगितलं,

“विचारतोय, येत्या दोन-चार दिवसांत लाटा येतील का?”

“किती मोठ्या व्हयात त्याला?” चाचांनी विचारलं.

मी विचारलं. त्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले.

चाचांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग मला म्हणाले, “घरी कोण हाय काय ह्याच्या?”

आई आहे, असं उत्तर आलं. चाचा म्हणाले, मग नको सांग. पण तो पोरगा हटेना. दोन दिवस चिऱ्याशेजारी बसून राहिला, चाचांच्या घरून आलेली भाकरीही खाल्ली. तिसऱ्या दिवशी चाचा खडपाच्या भेगेत पाणी कसं चढतं-उतरतं ते वाकून बघून आले. समुद्र सपाट होता, वारा नव्हता.

“सांग त्याला, परवा दुपारी ये. ओहोटी लागली की. लांब खयतरी काय तरी झालाय.”

रेडिओवर काही नव्हतं. माझ्या रजिस्टरात त्या संध्याकाळी चाळीस सेंटिमीटर आहेत. आणि चाचांनी सांगितलेल्या त्या दुपारी, लख्ख उन्हात, पान हलत नसताना, एकामागून एक लांब लाटा आल्या. पोरगा तीन तास त्यांच्यावरून सरकत होता. गाव बघायला लोटलं होतं. चाचा तेवढे तीन तास गुडघाभर पाण्यात उभे होते. मी म्हटलं, चाचा, तो पट्टीचा पोहणारा आहे, वर येऊन बसा.

“मी ‘ये’ बोललोय त्याला,” ते म्हणाले.

*

पुढच्या आषाढात चाचांचा दमा वाढला आणि त्यांना रत्नागिरीला इस्पितळात ठेवलं. नारळी पौर्णिमा झाली. नारळ वाहिले, होड्यांना रंग दिले, होड्या पाण्याच्या कडेला आणल्या. आणि तिथेच राहिल्या.

पहिल्या दिवशी सगळे जमले, सगळ्यांनी समुद्र बघितला, सगळे म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही तेच. समुद्र वाईट नव्हता. चांगला आहे असंही छातीवर हात ठेवून कोणी म्हणेना. तिसऱ्या दिवशी लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे टाळायला लागले. पावसाळ्यामुळे दोन महिने मासेमारीला बंदी होती, घरात वालाच्या आमटीवर दिवस चालले होते.

चौथ्या सकाळी दिनूनं मला विचारलं, “मास्तर, किती?”

“पाऊण मीटर.”

“मग काढू?”

अकरा होड्यांची माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी रजिस्टरात बघितलं. म्हणालो, “ते मी कसं सांगणार?”

तेव्हा जानकीवहिनींनी पाटी खाली ठेवली आणि चार पावलं पुढे गेल्या. कोणीतरी विचारलं, “वयनी, काय बघताव?” त्या बघत राहिल्या. मोठ्या लाटा आल्या, त्या गेल्या, मधे पाणी निवलं, पुन्हा मोठ्या आल्या. वहिनी खडपापर्यंत चालत गेल्या, तिथे उभ्या राहिल्या, परत आल्या. पुन्हा बघत राहिल्या. उन्हं माडांच्या शेंड्यांवर आली. कोणी हललं नाही, कोणी बिडीही पेटवली नाही.

मग त्या मुलाकडे वळल्या.

“दिनू, काढ.”

आणि बाकीच्यांना म्हणाल्या, “तुमीव काढा.”

अकराच्या अकरा होड्या रेघेबाहेर गेल्या. दुपारी अकराच्या अकरा परत आल्या. शेवटची वाळूला लागली तशी मी एस्टी पकडली आणि इस्पितळात गेलो. चाचा खाटेवर उशीला टेकून बसले होते. मला बघितल्याबरोबर विचारलं, “काढल्यानी?”

“काढल्या. सगळे परत आले.”

“कोण बोलला?”

“जानकीवहिनी.”

चाचांना श्वास लागला होता, तो खाली बसू दिला.

“दिनू पयल्या होडीत होता?”

“होय.”

“किती वेळ बघितलान तिनं?”

“पाऊण तास तरी असेल.”

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, झोप लागली. मी उठायला लागलो, तेव्हा ते म्हणाले, “सदू गेला त्या दिवशी मी येवढा वेळ नव्हता बघितला.”