चिकूच्या गोदामातलं हॉलिवूड

भुताखेतांच्या गोष्टी जमवायला आमचा ग्रुप निघाला नव्हता हो! आम्ही फक्त जुने, ब्लॅक अँड व्हाइट हॉलिवूड सिनेमे बघतो. पण नंतर चहा पिताना एकजण काहीतरी सांगतो, दुसरा म्हणतो, "अरे, त्या दिवशीचं विसरलास काय?" आणि किस्से साठतच जातात.

आमचं थिएटर म्हणजे आशागडचं सोराबकाकांचं चिकूचं गोदाम. रविवारी दुपारी खिडक्यांना काळं कापड लावायचं की प्रोजेक्टर सुरू! प्रेक्षक मोजकेच. काका, हार्डवेअरवाले दिनेशभाई आणि डहाणूत औषधांचं दुकान चालवणारी मी. शिवाय काकांचा कुत्रा, टायगर.

* * *

टायगर सिनेमाभर झोपतो. पडद्यावर गोळीबार होऊ दे नाहीतर घोडे उधळू देत, कानसुद्धा हलवत नाही. पण एक हिरॉइन आहे. काय सांगू, क्लोजअपमध्ये तिच्या डोळ्यांत कुणी दिवा लावलाय असं वाटतं! तिची एंट्री झाली की हा उठून शेपटी हलवायला लागतो.

"कुत्र्याला पण टेस्ट आहे, हां!" दिनेशभाई म्हणाले.

मी हसले. मग नीट पाहिलं. टायगर पडद्याकडे बघतच नव्हता. गोदामाच्या बंद दाराकडे तोंड करून शेपटी हलवत होता.

* * *

काकांचा लाडका हिरो तिरकी हॅट घालून अशी काही सिगारेट पेटवतो की न ओढणाऱ्यालाही तल्लफ यावी. एकदा त्याने काडी ओढली आणि गोदामात खरोखरच धुराचा वास सुटला. काका पारशी, अग्नीला पवित्र मानणारे, त्यांना सिगारेटचा भयंकर तिटकारा. त्यांनी ताडकन दिवे लावले.

"कोन ओढते?"

कोणीच नाही. दिवे बंद केले. हिरोने दुसरी पेटवली. पुन्हा वास!

दिनेशभाईंनी हुंगून पाहिलं. "ही आपल्याकडची नाय," ते हळूच म्हणाले. "फॉरेनची आहे."

* * *

मूकपटांतल्या एका विनोदवीरावर माझा फार जीव. शब्द नाही, नुसतं घसरून पडणं. पण पडण्यातही काय लय! त्या दिवशी आम्ही तिघंही पोट धरून हसत होतो. मागे क्रेट रचून ठेवलेले, तिथूनही कोणीतरी हसत होतं. आधी वाटलं, आवाज घुमतोय.

मग लक्षात आलं, ते हसू आमच्या आधी येतंय. हिरो घसरायच्या आधी!

* * *

एकदा रानशेतला दिनेशभाईंच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात पडदा लावला. पडद्यावर मोठा हॉल, झुंबरं, नाचणारी जोडपी. घरातल्या म्हाताऱ्या जनीमावशी तल्लीन झाल्या होत्या.

"ही बाय आता कुठं रेते?" त्यांनी हिरॉइनकडे बोट दाखवलं.

"गेली ती, मावशी. खूप वर्षं झाली."

"न तो?"

"तोही गेला. सगळेच गेले."

मावशींनी पदर डोक्यावर घेतला. "मग जाऊ द्या ना त्यांना! परत परत कशाला बोलावता?"

रानशेतला आम्ही पुन्हा प्रोजेक्टर नेला नाही.

* * *

काकांच्या पत्नी, मेहेरूकाकी. अर्धांगवायूनंतर त्यांची वाचा गेली ती गेलीच. कित्येक वर्षांत एक शब्द नाही. एका रविवारी काकांनी त्यांना व्हीलचेअरवरून गोदामात आणलं. सिनेमा काकींच्या तरुणपणचा, आवडीचा. त्यात हिरॉइन रिकाम्या घरात फोन उचलते आणि विचारते, "कोणी आहे का तिथे?"

"आहोत ना," काकी म्हणाल्या. स्पष्ट, खणखणीत इंग्रजीत. "आम्ही सगळे आहोत इथे."

पडद्यावरची बाई हसली. रिसीव्हर हळूच खाली ठेवला.

काकांनी सिनेमा थांबवला. "ती हसत नाय," ते म्हणाले. "मला हा सीन पाठ आहे. इथे ती रडते."

त्यांनी सीन मागे नेला, पुन्हा लावला. फोन वाजला. बाईने उचलला. "कोणी आहे का तिथे?"

काकी गप्प. बाई थांबली. आम्हाला वाटलं, जरा जास्तच वेळ थांबली. मग रिसीव्हर ठेवून रडायला लागली.

काकांनी तिसऱ्यांदा सीन लावला. व्हीलचेअरपाशी गुडघ्यांवर बसले आणि काकींचा हात दोन्ही हातांत धरला.

"मेहेरू, बोल ने," ते म्हणाले. "ती वाट बघते."