हद्दीबाहेरचा मोती

लोणावळ्याच्या बाजारात हमीद मुलाण्याचं मटणाचं दुकान होतं, आणि आजूबाजूच्या गावांच्या जत्रांत बकऱ्यावर सुरी फिरवायचा मानही वडिलांपासून त्याच्याकडे चालत आला होता. देवी हिंदूंची, नवस कुणब्यांचा आणि सुरी मुलाण्याची. यात कुणालाच कधी काही वावगं वाटलं नाही. हमीद कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. मूलबाळ नव्हतं, पण ते दुःख त्याने चारचौघांत कधी उगाळलं नाही.

अशाच एका जत्रेहून तो पाटीत पिल्लू घेऊन परतला. गावकऱ्यांनी कपारीतलं बीळ खणून त्याची आई मारली होती आणि पिल्लाच्या डोक्यातही दगड घालायच्या बेतात होते, तेवढ्यात हमीद मध्ये पडला. बायको अमिनाने पाटीत डोकावून विचारलं, "कुत्र्याचं हाय का?"

"व्हय," हमीद म्हणाला. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून पुढे गप्पच बसला.

पावसाळा सरेपर्यंत पिल्लाची पाठ मागे उतरती झाली, मानेवर आयाळ उभी राहिली आणि अंगावर पट्टे उमटले. तरस ते तरसच, किती दिवस लपणार? पण तोवर अमिनाने त्याचं नाव मोती ठेवून टाकलं होतं, आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकल्याशिवाय ते झोपत नव्हतं. बाजारानेही कानाडोळा केला. दुकानांमागची हाडं मोती साफ फस्त करी, घाण राहत नसे. फुकटची सफाई कुणाला नको असते?

खरी अडचण उन्हाळ्याच्या तोंडावर आली. बंगल्यांत मुंबईची मंडळी हवापालटाला यायच्या आधी म्युनिसिपालिटीची माणसं बेवारशी कुत्री मारत फिरत. ज्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला पितळी बिल्ला, तेवढंच वाचे. हमीद मोतीला दोरीने बांधून बिल्ले वाटणाऱ्या मारुती जमादारापुढे उभा राहिला.

मारुतीने डोळे चोळले. "हमीदभाऊ, ह्याला कुत्रं म्हनायचं?"

"चार पाय हायेत, शेपटी हाय. भुंकत न्हाई, त्येवढंच."

मारुतीला हसू आवरेना. हमीदच्या शब्दाखातर म्हणा की गमतीखातर म्हणा, त्याने बिल्ला दिला. त्या दिवसापासून हमीद निर्धास्त झाला. त्याच्या धंद्यात तसंच होतं. कापलेल्या बकऱ्यावर म्युनिसिपालिटीचा शिक्का एकदा बसला की ते मटण पास. मग ते बकरं कुठलं, कुणाचं, कुणी विचारत नाही. मोतीच्या गळ्यातलं पितळ त्याने शिक्काच समजलं. मोती आता सरकारच्या नजरेत पास आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही, आणि इथेच बिचारा चुकला.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका बंगल्यातल्या बाई सकाळी फिरायला निघाल्या आणि गल्लीच्या तोंडाशी मोती त्यांना सामोरा आला. बाई किंचाळल्या, मोती घाबरून गटारात शिरला आणि दुपारी सॅनिटरी इन्स्पेक्टर दुकानात हजर झाले. माणूस सरळ होता, उगाच दरडावणारा नव्हता.

"मुलाणी, नियम साधा आहे. गावाच्या हद्दीत हिंस्र जनावर पाळायचं तर लोखंडी पिंजरा पाहिजे आणि कमिटीची परवानगी पाहिजे. नाहीतर ते मारावं लागेल."

"त्या तिकडच्या शेटजींकडं बिबट्या हाय की!"

"पिंजऱ्यात आहे. परवानगीही आहे."

पिंजरा करणं हमीदच्या ऐपतीबाहेरचं होतं. त्याने बिल्ल्याकडे बोट दाखवलं. इन्स्पेक्टर म्हणाले, "तो कुत्र्याचा. परत करा." मारुती जमादाराने मान खाली घालून पट्ट्याचा बिल्ला सोडवला. ज्याच्या जोरावर तो वर्षभर छाती काढून फिरला, तो आधार असा चिमटीत निघून गेला होता.

"आनि हद्दीभाईर नेला तर?"

"मग आमचं काही म्हणणं नाही."

"तितला नियम काय?"

"तिथलं मला माहीत नाही, बुवा. मी हद्दीपुरता."

हमीदने याचा अर्थ असा घेतला की तिथे नियमच नाही. तुंगार्लीच्या वरच्या अंगाला, हद्दीच्या दगडापलीकडे, त्याने कुडाचं खोपट उभारलं. बाजारातलं पक्कं घर सोडताना अमिनाने आकाशपाताळ एक केलं. "जनावरासाठी मानसं रानात जात्यात का?" असं भांडत भांडतच तिने भांडी बांधली आणि सगळ्यांत आधी मोतीचं ताट उचललं. हमीद रोज सकाळी दुकानात उतरे आणि दिवस कलता परत चढे. दगडाजवळ आला की त्याला बरं वाटे. इथून पुढे आपण कुणाचे गुन्हेगार नाही, असं तो अमिनाला खुशीत सांगे.

मोतीसाठी काट्यांचं कुंपण केलं होतं. पण तरसाला उकरायला कुणी शिकवावं लागत नाही. एके दिवशी हमीद दुकानात आणि अमिना पाण्याला गेलेली असताना मोती कुंपणाखालून निघून गेला. तिने हाका मारमारून डोंगर पालथा घातला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शोधायला गेली, आणि हमीद गिऱ्हाइकांच्या पायी तेवढा दुकानात आला.

सकाळची गर्दी ओसरल्यावर डोंगरापल्याडच्या गावचा रखमाजी खांद्यावर गोणपाट टाकून आला. त्याच्या गावच्या जत्रेत हमीद दर साली सुरी धरत असे. रखमाजी खुशीत होता.

"हमीदभाऊ, कातडं काढून पायजे. डोक्यासकट अख्खं काढा, फाटाय नको. वडगावच्या कचेरीत दाखवलं की तरस मारल्याचं सरकारी बक्षीस मिळतं."

त्याने गोणपाट सोडलं. हमीदला जवळ जाऊन बघायची गरज पडली नाही.

"माझ्या गोठ्याला शेळ्या हायेत," रखमाजी सांगत होता. "राखनीची बंदूक हाताशी होती म्हनून बरं. पर एक नवल झालं बघा. मला बघून पळालं न्हाई. उलट शेपटी हालवत जवळच आलं."

हमीदने दुकानाच्या खांबाला हात टेकला. त्याने विचारलं, "हे बक्षीस कवापासून हाय?"

"आमच्या आज्याच्या काळापासून. तुमाला ठावं न्हाई?"

रखमाजीवर धावून जावं, असं एक क्षण हमीदला वाटलं. पण त्याचं काय चुकलं होतं? हमीदने त्याला बाहेर बाकावर बसवलं, पडदा ओढला आणि सुरीला पाणी लावलं. आधी त्याने मोतीच्या आयाळीवरून हात फिरवला. मग कामाला लागला. कातडं कुठेही फाटलं नाही. रखमाजी मजुरी द्यायला लागला, तर हमीदने ती घेतली नाही; म्हणाला, "धड मला ऱ्हाऊ द्या."

ते फडक्यात गुंडाळून तो भर दुपारी डोंगर चढला. अमिना दारातच उभी होती. तिने फडकं उघडून पाहिलं.

"कातडं तुमी काढलं? सोताच्या हातानं?"

"मी न्हाई म्हनलो असतो, तर रखमाजीनं दुसऱ्या कुनाकडनं काढलं असतं," हमीद म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं. "त्याची सुरी बोथट असती, अमिना."