वाघळांच्या मॅडम

सातवीत असताना लिडिया भिंगारदिवेला बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. वटवाघूळ तोंडानंच खातं आणि तोंडानंच घाण करतं, असं बाई सांगत होत्या. लिडिया उठून म्हणाली, "नाही बाई. घाण करताना ते सुलटं होतं. मी पाहिलंय." केडगावच्या चर्चच्या आवारात मोठी चिंच होती आणि तिच्यावर वाघळं लटकलेली असत. पोरगी रविवारी प्रार्थना सुटली की त्या चिंचेखाली मान वर करून उभी राही. तिचे वडील प्रभुदास मास्तर त्याच शाळेत शिकवायचे. संध्याकाळी घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "पाहिलंस ना? मग माफी मागू नकोस."

तिनं मागितली नाही. पुढेही फारशी कधी मागितली नाही.

लिडिया नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागली आणि चाळिशीला आल्यावर तिनं पुण्यातल्या एका संस्थेचं संशोधन हाती घेतलं. वाघळांच्या अंगात कोणते जंतू असतात, ते कधी बाहेर पडतात आणि माणूस त्यांच्या वाटेत नेमका कुठं येतो, हे शोधायचं होतं. त्यासाठी तिनं अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचं एक गाव निवडलं. ओढ्याकाठी सहादेव भांगरेच्या बांधावर तीन जुनी झाडं होती, दोन वड आणि एक सादडा. त्यांच्यावर शेकडो वाघळं असत. लिडिया पहाटेच पोचायची. कातडी हातमोजे चढवून जाळ्यात आलेलं वाघूळ अलगद सोडवायची, थेंबभर रक्त घ्यायची आणि त्याला सोडून द्यायची. मग गावातली आशा सेविका अश्विनी हिच्याबरोबर दारोदार फिरायची. पडलेले आंबे कोण खातं, पाण्याची टाकी उघडी असते का, दम्यावर औषध म्हणून वाघळाचं मटण अजून कोण शिजवतं, असं विचारत. बायका हसायच्या, पण चहा पाजून सगळं सांगायच्या. त्यांनीच तिला नाव दिलं, वाघळांच्या मॅडम.

तीन वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका मे महिन्यात एका वाहिनीनं बातमी चालवली, 'अकोल्यातल्या वटवाघळांत जीवघेणा विषाणू'. लिडियाच्या अहवालातलं एक वाक्य उचलून त्यांनी ती रचली होती. अहवालात विषाणू नव्हताच. काही वाघळांच्या रक्तात पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा होत्या, इतकंच. पण काजवे बघायला येणाऱ्यांनी तंबूंची बुकिंग रद्द केली आणि गाव पेटलं.

उपसरपंच बजरंगचा फोन आला. त्याचे स्वतःचेच तंबू होते. "मॅडम, तुमी आता हितं येऊ नका. आमी झाडंच पाडनार हाय."

पाठोपाठ संस्थेच्या संचालकांचा आला. "कुणाशी बोलू नका, गावात जाऊ नका. प्रकरण थंड होऊ द्या."

"सर, तोवर झाडं जातील."

"हा आदेश आहे असं समजा."

लिडियानं बॅगेत हातमोजे आणि साबण भरला, ती एसटीनं अकोल्याला आली आणि तिथून जीपनं वर गेली.

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. तिला बसायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ती उभीच राहिली. बजरंगनं मोबाईलचा कॅमेरा तिच्यासमोर धरला. तसा तो वाईट माणूस नव्हता, पण त्याचा हंगाम बुडत होता. "ह्यात बोला, की आमच्या वाघळांत काहीच रोग न्हाई. बास. मग झाडाला कुनी हात लावनार न्हाई."

किती सोपं होतं ते. एका वाक्यात झाडं वाचत होती. लिडियाला मोह झाला नाही असं नाही.

"तसं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "विषाणू सापडलेला नाही, तुमच्यातलं कुणी आजारी नाही, हे शंभर वेळा सांगीन. पण धोका कधीच नाही, हे खोटं आहे. उष्टं फळ खाऊ नका, टाकी झाका, त्यांना हात लावू नका. एवढं केलंत तर ती तिकडं आणि तुम्ही इकडं, दोघंही सुखात राहाल."

"म्हंजे रोग हायच. मग पाडू."

"पाडा आणि बघा. आत्ता ती ओढ्यावर आहेत, उद्या तुमच्या परसात येतील. उपाशी, बिथरलेलं जनावर जास्त जंतू सोडतं. आणि आत्ता त्यांची पिल्लं आहेत."

"तुमच्यामुळंच हे झालं," मागून कुणीतरी म्हणालं. खाली मान घालून ऐकून घ्यावं असं ते वाक्य होतं. लिडियानं मान खाली घातली नाही. "मी तीन वर्षं तुमच्या घरांत चहा प्यायलेय. ती बातमी देणारा एकदा तरी आला का?"

सभा वादावादीत मोडली. ती अश्विनीकडं मुक्कामी राहिली.

सकाळी सुतळी बॉम्बच्या आवाजानं ओढा दणाणला. बजरंगच्या माणसांनी झाडांखाली फटाके लावले होते. वाघळांचा काळा लोट आभाळात उठला, गावावरून फिरला आणि मिळेल तिथं उतरला. शाळेच्या जांभळीवर, घरांच्या आंब्यांवर, गोठ्यांच्या छपरांवर. पिल्लं टपाटप अंगणांत पडली. बायका केरसुण्या घेऊन धावल्या.

"हात लावू नका," म्हणत लिडिया घराघरातून पळत होती. हातमोजे घालून एकेक पिल्लू टोपलीत घेत होती. अश्विनी पुढं जाऊन लेकरांना घरात कोंडत होती. बजरंगच्या दारात पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्याच्या आईनं पडवीतलं पिल्लू पदरानं उचललं होतं आणि ते तिच्या बोटाला चावलं होतं.

लिडियानं म्हातारीचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून चोळचोळ धुतला, कितीतरी वेळ. बजरंग दारात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, आईला काय होईल?"

"लगेच सुई घेतली तर काही नाही. जीप काढ."

तो हलेना.

"बजरंग, माझ्यावरचा राग नंतर काढ. आधी जीप काढ."

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात म्हातारीला रेबीजची लस मिळाली. तिला काही झालं नाही. पण बजरंगनं आधीच सांगून ठेवलेली माणसं त्याच दुपारी झाडं कापायचं मशीन घेऊन आली. लिडिया वडाच्या बुंध्याशी जाऊन बसली. मांडीवरच्या टोपलीत जगलेली पिल्लं होती. मशीनवाला म्हणाला, "बाई, उठा." ती म्हणाली, "नाही." तेवढ्यात सहादेव आला. सभेत तो एक शब्द बोलला नव्हता. मशीनवाल्याला म्हणाला, "बांध माजा हाय. सकाळी माज्या गोठ्यात वाघळं शिरली, तवा मला उमगलं. झाडं राहू द्या."

सादडा फटाक्यांनी निम्मा जळाला होता, तो पुढे वाळून गेला. दोन वड राहिले. वाघळं परतली, पण पूर्वीइतकी नाही. टोपलीतली बरीच पिल्लं मेली. लिडियानं ती अश्विनीच्या परसात खोल खड्डा करून पुरली. तेवढ्या वेळात मात्र तिला रडू आवरलं नाही.

आदेश मोडला म्हणून संस्थेनं तिचं काम काढून घेतलं. वाहिनीनं चूक कधी कबूल केली नाही. लिडिया रजा टाकून स्वखर्चानं गावात येत राहिली. बजरंग तिच्याशी अजून नीट बोलत नाही, पण गावच्या टाकीला लोखंडी झाकण त्यानंच बसवून घेतलं. पडलेले आंबे आता धुऊनसुद्धा कुणी खात नाही, ढोरांपुढंही टाकत नाही.

यंदा संचालकांचा पुन्हा फोन आला. लिडिया तेव्हा अकोल्याच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत होती. "रुजू व्हा, सगळी सामग्री देतो. अट एकच, आमच्या परवानगीशिवाय गावकऱ्यांना निष्कर्ष सांगायचे नाहीत."

"त्यांच्याच अंगणातले निष्कर्ष आहेत सर," लिडिया म्हणाली. "ही अट असेल तर नको."

फोन ठेवून ती जीपमध्ये मागच्या बाकावर चढली. शेजारच्या बाईनं विचारलं, वर कुणाकडं जाताय. लिडियानं सांगितलं, "वाघळांकडं." आणि बाईनं नाक मुरडायच्या आत तिला त्यांच्याविषयी सांगायला सुरुवात केली.