धोतरावर उतरलेले कबुतर

चंदीगडमध्ये कबुतरे पाळणाऱ्या ज्या ज्या माणसांना मी विचारले, की तुम्ही या नादाला कसे लागलात, त्यांतल्या बहुतेकांनी एकच हकीकत सांगितली. कुणाचे तरी कबुतर चुकून त्यांच्या छतावर उतरले. ते परत करायचे राहून गेले. मग ते एकटे कसे राहील म्हणून दुसरे आणले. लहानपणापासून हौस होती, असे सांगणारे फार थोडे भेटले. ही सगळी बतावणी आहे, असे मी समजत असे. पुढे आमच्याच घरात तसे घडले. ते घडत असताना मी तिथे होते, तरीही त्यातले निम्मे मला आजही नीट सांगता येत नाही.

वडील हवाई दलात होते. आम्ही मूळचे मिरजेकडचे. चंदीगडला बदली झाली तेव्हा क्वार्टर रिकामे नव्हते, म्हणून दक्षिणेकडच्या एका सेक्टरमध्ये घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. तिथली घरे एकमेकांना चिकटून आहेत. छतांच्या मध्ये कमरेइतकी भिंत, त्यामुळे एका छतावरचे बोलणे तीन छतांवर जाते. वडिलांचे काम विमानतळाच्या धावपट्टीवरून पक्षी हाकलण्याचे होते. विमाने उडणार असली की ते आणि त्यांची माणसे फटाके उडवत, बंदुकीचे बार काढत. घारी आणि कबुतरे हे शब्द ते घरी शत्रूचे नाव घ्यावे तसे घेत.

मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. दिवसपाळीच, कारण रात्रपाळीला मुलींना ठेवत नसत आणि ठेवले असते तरी वडिलांनी जाऊ दिले नसते. पंजाबातल्या दहशतवादाची ती वर्षे होती; जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळीबाराच्या बातम्या येत, त्यांची एक एकत्रित बातमी करायची, हे माझे काम. कोण मेले, कुठे, कुणी मारले. तिसऱ्या प्रश्नाला दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच उत्तर आल्याशिवाय ते छापायचे नाही, असे शिकवलेले होते. पुष्कळदा ते येतच नसे.

आईचे हिंदी कच्चे होते. महाराष्ट्र मंडळातल्या बायका पूर्वी महिन्यातून एकदा भेटत. संध्याकाळनंतर कुणी घराबाहेर पडेनासे झाले तेव्हा तेही थांबले. भाजीवाला सोडला तर तिचे बोलणे शेजारच्या छतावरच्या सरदारजींशी. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि कबुतरे पाळणारे. ते तिला भैणजी म्हणत, ती त्यांना भाईसाब. पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्या कबुतरांनी तिच्या सांडग्यांवर चोची मारल्या, तेव्हा दोघांचे भांडण झाले होते. त्यातून एक करार निघाला: वाळवण घालायचे असेल तर आईने आदल्या दिवशी सांगायचे, म्हणजे ते आपली कबुतरे दुसऱ्या दिवशी उशिरा सोडतील.

मागच्या ओळीत एक दुकानदार राहायचा. स्कूटरचे सुटे भाग विकायचा. तोही कबुतरवाला. त्याचे आणि सरदारजींचे बोलणे बंद होते. ते कबुतरांवरून होते की त्या दिवसांत शहरात जे चालले होते त्यावरून, याची दोन वेगवेगळी उत्तरे मला मिळाली होती. उन्हाळ्यात मात्र दोघांची बाजी लागायची. बाजी म्हणजे पहाटे दोघांनी आपापली कबुतरे उपाशीपोटी आकाशात सोडायची. पंखावर पंचाचा शिक्का. ज्याचे कबुतर सर्वांत शेवटी, आपल्याच छतावर, आपणहून उतरेल, तो जिंकला. परक्या छतावर उतरलेले कबुतर बाद. कबुतरवाल्यांत सलोखा नसेल तर असे कबुतर ज्याच्या छतावर उतरले त्याचे होते. कुणी मागायला जात नाही आणि कुणी देत नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी आईने छतावर आजोबांचे जुने पांढरे धोतर अंथरून त्यावर कुरडया घातल्या. त्या दिवशी बाजी होती. दुपार कलली तेव्हा सरदारजींची सगळी कबुतरे उतरली होती आणि दुकानदाराचे एकच वर उरले होते. म्हणजे तो जिंकल्यात जमा होता. ते कबुतर खाली येऊ लागले, त्याच्या छताकडे वळले, आणि आमच्या धोतरावर उतरले. आई राखणीला तिथेच बसली होती. कबुतर चोच उघडून धापा टाकत होते. तिने त्याच्यापुढे पाण्याचे भांडे सरकवले आणि गावाकडून आणलेली मूठभर ज्वारी टाकली.

थोड्या वेळाने आमच्या जिन्यावर पावले वाजली. पुढे दुकानदार, मागे पंच. पंच पिंजौरचा एक म्हातारा माणूस, दोघांनी मिळून नेमलेला. भिंतीपलीकडे सरदारजी उभे होते. त्या दिवशी मला सुटी होती, मी दारात उभी राहिले.

दुकानदाराचे म्हणणे एवढेच होते: पांढरे कापड अंथरले की दमलेले कबुतर त्यावर उतरते, हे कबुतरवाल्याला शिकवावे लागत नाही. सरदारजींनी या बाईकडून ते अंथरून घेतले.

पंचाने वाकून धोतराकडे पाहिले. "ये क्या है, बीबी?"

"कुरडई," आई म्हणाली.

"वो क्या होता है?"

"गेहूं का चीक होता है ना, उसका. सुखा के रखने का. बाद में तळने का."

पंचाने एक ओलसर कुरडई मोडून तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि दुकानदाराला म्हणाला, "खाने की चीज़ है. कच्ची है अभी."

"खाने की चीज़ चादर पर भी डलती है," दुकानदार म्हणाला. "फूलोंवाली पर. सफ़ेद ही क्यों?"

"फूलोंवाली पे रंग लगता है," आई म्हणाली. "तुम्हारे घर में कोई कुछ सुखाता नहीं क्या?"

पलीकडच्या छतावर कुणीतरी हसले. पंच हसला नाही. त्याने आईला विचारले, "सरदारजी को मालूम था, आज आप ये डालोगी?"

यात काही अवघड आहे, हे आईच्या लक्षातच आले नाही. ती म्हणाली, "हमेशा बताती हूँ जी. कल भी बताया."

"इन्होंने क्या कहा?"

"बोले, धूप अच्छी है, डालो."

सरदारजींनी नजर हलवली नाही. त्यांनी बाजीचा दिवस आहे हे आईला सांगायला हवे होते, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. ते सांगायला विसरले, की विसरले नाहीत, हे कळायला मार्ग नव्हता. पंच एकदा आकाशाकडे आणि एकदा खाली रस्त्याकडे पाहत राहिला. अंधारापूर्वी त्याला पिंजौरची बस गाठायची होती. शेवटी तो म्हणाला, बाजी बराबर. कुणी जिंकले नाही.

"आणि हे?" आईने कबुतराकडे बोट दाखवले. ते कुरडया तुडवत फिरत होते. "ले जाओ ना. लोकांचं कबुतर ठेवून मी काय करू?"

दुकानदार पुढे आला नाही. सरदारजींच्या डोळ्यांदेखत परक्या छतावरून कबुतर परत नेणे म्हणजे ते मागून घेणे, आणि ते त्याला करायचे नव्हते. मग आई सरदारजींकडे वळली. ते म्हणाले, "मैं कैसे लूँ, भैणजी? मैं लूँगा तो ये कहेगा, देखो."

"मग घेणार कोण?"

पंच जिना उतरायला लागला होता. दुकानदारही गेला. जाताना त्याने कबुतराकडे पाहिले नाही, आईने कागदात बांधून दिलेल्या गेल्या वर्षीच्या कुरडया मात्र घेतल्या. त्याने त्या का घेतल्या, हेही मला कळले नाही.

आईने कबुतरावर आंब्याची टोपली पालथी घातली. माहेरी नवीन कोंबडी आणली की तिला डालग्याखाली काही दिवस कोंडत आणि रोज त्याच वेळी वाटी वाजवून दाणे टाकत. आईने तेच सुरू केले. भिंतीपलीकडून सरदारजी म्हणाले, "भैणजी, मुर्गी नहीं है ये."

"पेट तो है ना?"

"पर बाँध दो इसके. महीना भर. नए कबूतर के सब बाँधते हैं, तभी पुरानी छत भूलता है."

आईने पंख बांधले नाहीत. ती टोपलीशेजारी स्टूल टाकून बसायची आणि भाजी निवडायची. कबुतराशी ती मिरजेच्या मराठीत बोलायची. आज बहिणीचे पत्र आले नाही, भाजीवाला महाग झालाय, असे काहीबाही. मी ऑफिसातून परतले की ती पूर्वी मला बातम्या विचारायची. आता विचारायची नाही. तिला ते कबुतर हवे होते. तसे ती बोलली नाही, पण घरात ते सर्वांना कळत होते.

वडिलांना कळायला उशीर लागला, कारण ते बहुधा उशिरा आणि दमून येत. एका संध्याकाळी ते छतावर आले आणि टोपलीपुढे उभे राहिले.

"दिवसभर मी हाकलतो, आणि घरी तू दाणे घालतेस. वर कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, कुरडया खायला आलंय."

"थट्टा नाही. इंजिनात गेलं तर काय होतं माहीत आहे तुला?"

"मला कसं माहीत असणार? तुम्ही कधी सांगता?"

त्यांनी वाकून टोपलीच्या फटीतून आत पाहिले. मग म्हणाले, "रविवारी सोडायचं. त्याच्या घरी जाईल, विषय संपेल."

"नाही गेलं तर?"

"जाणारच. घरची वाट विसरत नाहीत ती. पक्षी मला शिकवू नकोस."

"नाही गेलं तर?"

"तर ठेव," वडील म्हणाले. त्यांची खात्री होती. नोकरीच पक्ष्यांत गेलेली.

रविवारी सकाळी आम्ही तिघे छतावर होतो. चौकातल्या पाण्याच्या टाकीवर निमलष्करी दलाचे जवान वाळूच्या पोत्यांआडून छतांवर नजर ठेवत होते. लोकांना त्याची सवय झाली होती. भिंतीपलीकडून सरदारजी हलक्या आवाजात म्हणाले, "भैणजी, कपड़ा बिछा दो. मैं कुछ नहीं कहूँगा."

"आज काही वाळत घालायचं नाहीये," आई म्हणाली. हे ती मराठीतच म्हणाली. तिने टोपली उचलली.

कबुतर सरळ वर गेले. एक मोठा फेरा घेऊन ते मागच्या ओळीकडे वळले. आईने पदराचे टोक मुठीत धरले होते. मी दुकानदाराच्या छताकडे पाहिले. त्या वेळी कबुतरवाल्यांच्या छतांवर कबुतरे मोकळी असतात, पाणी भरलेले असते, मालक शीळ घालत असतो. दुकानदाराच्या छतावर एकही कबुतर नव्हते. कबुतरांच्या जाळीच्या खोलीवर गोणपाटे टाकलेली होती, पाण्याचा पसरट डबा पालथा होता, आणि तो स्वतः दिसत नव्हता. कबुतर त्याच्या कठड्यावर बसले. इकडून तिकडे चालले. गोणपाटाजवळ गेले, थांबले, परत आले. मग उडाले आणि विमानतळाच्या दिशेने दिसेनासे झाले. वडील चहाचा कप हातात धरून, कामावर पाहतात तसे आकाश निरखत राहिले.

आईने वाटी वाजवली. सरदारजींनी मान हलवली, उपयोग नाही अशा अर्थाने. ती वाजवत राहिली. टाकीवरच्या जवानांपैकी एकाने ओरडून विचारले, काय चाललेय. सरदारजींनी उत्तर दिले, "कुछ नहीं जी, कबूतर."

कबुतर परत आले तेव्हा कुठून आले हे कुणाला दिसले नाही. ते आधी आमच्या टाकीवर बसले, मग खाली उतरून वाटीपाशी आले. वडिलांनी उरलेला चहा प्यायला आणि ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानदार जिना चढून आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक नर. "इसका जोड़ा है," तो आईला म्हणाला. "जोड़ा तोड़ते नहीं." सरदारजींच्या छताकडे त्याने पाहिले नाही. आईने त्याला बसायला सांगितले, तर तो बसला नाही.

पुढे त्याच्या दुकानात एक नट घ्यायला गेले असताना मी विचारले, त्या रविवारी छतावर गोणपाटे का टाकली होती. तो म्हणाला, "धूप बहुत थी जी." सूर्य तेव्हा जेमतेम वर आला होता. सरदारजींनाही मी विचारले, बाजीचा दिवस होता तर आईला वाळवण घाला असे का म्हणालात. तेही म्हणाले, "धूप अच्छी थी." दोन माणसे, एकमेकांशी न बोलणारी, आणि दोघांचे उत्तर ऊन. ऑफिसच्या नियमाने ही बातमी छापता आली असती.

त्या जोडीला पिल्ले झाली आणि पाठीमागच्या भिंतीला वडिलांनी स्वतःच फळ्या ठोकून खुराडे केले. त्यांची एकच अट होती: विमाने उडणार असतील त्या दिवशी कबुतरे सोडायची नाहीत. पण विमाने कधी उडणार हे घरी सांगायला त्या काळात सक्त मनाई होती, आणि ते सांगतही नसत. आईने त्यावर स्वतःच उपाय काढला. वडिलांनी पहाटेचा डबा मागितला की खुराडे बंद. काही दिवसांनी सरदारजीही आपली कबुतरे सोडण्याआधी आमच्या छताकडे पाहू लागले. मागच्या ओळीतला दुकानदारही पाहायचा. बंद खुराडे दिसले की तो शीळ न घालता, कबुतरे न सोडताच खाली जायचा.