संकष्टीच्या दिवशीची अंडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या धर्माला तर नाहीच. गेल्या महिन्यात धर्मा गेला — पिकल्या वयात, झोपेत. त्याची आठवण आली की मला अजून आधी हसूच येतं. मग ती अंडी आठवतात.

धर्मा ठाण्याच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. आणि बॉक्सर — काय बॉक्सर होता तो. डावखुरा. ठोसा मारताना चक्क हसायचा. समोरचा पडला की स्वतःच त्याला हात देऊन उठवायचा, त्याची माती झटकायचा आणि पुन्हा पाडायचा. मार खाणाऱ्यालाही मजा यावी असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं ती. रिंग म्हणजे शाळेच्या मैदानात रोवलेले बांबू आणि होडीचे दोर. आणि मी? डोंबिवलीच्या कारकुनाचा मुलगा, दोन-चार ठोसे शिकून हवेत गेलेला.

जिल्ह्याची फायनल आम्हा दोघांत झाली. नेमकी संकष्टीला. आमच्याकडे संकष्टी म्हणजे चंद्र दिसेपर्यंत कुणी जेवायचं नाही. मी आईसमोर शहाण्यासारखा उपास धरून निघालो — आणि ठाण्याला उतरल्या उतरल्या इराण्याकडे अंडी हाणली. आम्लेट, वर उकडलेली. अंगात ताकद नको का यायला?

धर्माने मला शेवटच्या फेरीत आडवा केला. माझं पोट भरलेलं होतं, अंगात रग होती, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता — एवढंच.

सुजलेलं तोंड घेऊन घरी आलो तर आई दारातच म्हणाली, “उपाशी पोटी कशाला रे गेलास मारामारी करायला?” काय सांगणार होतो — संकष्टीला अंडी खाल्ली? पण नुसता भ्यालो असतो तर गोष्ट वेगळी. मला बरं वाटलं हो. मी हरलो तो उपासामुळे — ही कल्पना मला फारच आवडली.

दुसऱ्या दिवशी सगळी आळी तेच बोलत होती. हळूहळू ते ठाण्यापर्यंत पोचलं. उपाशी पोराला हरवलं, त्यात काय मोठंसं? मुंबईच्या स्पर्धेला चॅम्पियन म्हणून धर्मा जायचा होता, पण पंचमंडळींनी ठरवलं की खरा दम माझ्यातच आहे. आणि मी गेलो. तोंड वर करून गेलो. तिथे पहिल्याच फेरीत असा झोपलो की उठवायला धर्माही नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी तो आमच्या दारात आलेला, हातात रताळ्यांची पिशवी. उपासाला खा म्हणाला. वर म्हणतो, “बाला, मना माहीत असता तं मी खेललोच नसतो. येकदा जेवून ये, मंग खेलू.” पुढे आमची मैत्री जमली ती कायमची, पण भेटला की हेच. त्याच्या मुलाच्या हळदीला त्याने मला मधे घेऊन नाचवलं, माझ्या ताटात भाकरीवर भाकरी टाकली आणि म्हणाला, आज पोट भरलाय ना, चल अंगणात. सगळे पोट धरून हसले. सगळ्यात जास्त मी.

परवा त्याच्या घरी भेटायला गेलो. सुनेने चहा दिला. कपाटात नातवंडांची बक्षिसं ओळीने मांडलेली, धर्माने त्या फायनलला जिंकलेला कप कुठेच नाही. मी विचारलं. मुलगा म्हणाला, “बाबांनी कधी मांडूच नाय दिला, काका. म्हनायचे, उपाशी पोराकडून घेतलाय तो, माझा नाय.”

मी मान डोलावली. चहा संपवला आणि डोंबिवलीला परत आलो.