तळ्याकाठी दोन दिवस, सुईसकट

"सहलीला? आणि हिला घेऊन?"

जिन्यात भेटलेल्या शेजारणीने एवढंच विचारलं, पण असं विचारलं की जणू फ्रिजवाल्यांनी पोरीला विकायला काढलं होतं. त्यांच्या एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात औषधाची थंड पेटी, मागे बायको आणि तिच्या मागे कानावर टोपी ओढलेली मिरी.

"नाही, हिला तुमच्याकडेच ठेवून जाणार होतो," फ्रिजवाले म्हणाले, "पण म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

शेजारीण भिंतीला चिकटून उभी राहिली आणि तिघं खाली उतरले.

"गरज होती का?" गाडीत बसल्यावर बायकोने विचारलं.

"होती."

फ्रिजवाल्यांना नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. लोकांच्या स्वयंपाकघरांत, दुकानांच्या मागच्या खोल्यांत, भिंत आणि फ्रिज यांच्यामधल्या वीतभर फटीत खांदा घालून फ्रिज दुरुस्त करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. धंदा गार करण्याचा आणि डोकं कायम तापलेलं, हा विनोद प्रत्येक गिऱ्हाइकाने एकदा तरी केला होता, आणि ते एकदाही हसले नव्हते. मिरीच्या रक्तात कॅन्सर निघाल्यापासून तर त्यांच्याशी बोलताना लोक आधी दोन पावलं मागे सरकायचे.

आता कोणी म्हणेल, एवढं काय चिडायचं. त्याने एकदा त्यांच्या घरी येऊन बसावं. विचारपूस करणारी माणसं दोनच प्रकारची होती. पहिल्या प्रकारात त्यांची थोरली बहीण. ती फोनवर म्हणायची, "अरे, अशा वेळी कसली हौस सुचते तुम्हाला? घरात बसवत नाही का?" म्हणजे पोर आजारी, तर आईबापांनी चोवीस तास तोंड पाडून बसायचं, आणि पोरीने ती पडलेली तोंडं बघत बरं व्हायचं. दुसरा प्रकार त्याहून वाईट. ते डोळे ओले करून खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "फिरवून आणा हो तिला. जे जे बघायचंय ते दाखवून घ्या." दाखवून घ्या म्हणे! या दुसऱ्या प्रकारातल्या एकाला फ्रिजवाल्यांनी चहाचा कप अर्धा असतानाच दाराबाहेर काढलं होतं. बिचाऱ्याने बशीसुद्धा हातात नेली.

आणि मिरी. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि आवाज मात्र तिखट, म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. खेळण्याचं एक चाक निखळलं तरी पोरगी घर डोक्यावर घ्यायची. हॉस्पिटलने तिला शहाणं करून टाकलं. सुई बघितली की स्वतःहून हात पुढे. उलटी झाली की "सॉरी". सगळ्या सिस्टर म्हणायच्या, काय गुणी पोर आहे, आणि फ्रिजवाले खोलीबाहेर निघून जायचे. तळ्यावर जाऊ, बोटीत बसू, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं. बॅगा भरायच्या, आणि ऐन निघताना तिला ताप यायचा, नाहीतर रक्तातल्या पेशी खाली जायच्या. बॅगा पुन्हा कपाटात. "पुढच्या वेळी नक्की हं," बायको म्हणायची. मिरी म्हणायची, "चालेल." असं इतक्यांदा झालं, की शेवटी "पुढच्या वेळी" म्हणण्याची बायकोला लाज वाटू लागली. त्या घरात ते शब्द बंदच झाले. "चालेल" मात्र उरलं, आणि ते ऐकलं की फ्रिजवाल्यांना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

यावेळी डॉक्टरांनीच सांगितलं, जाऊन या. पुढच्या आठवड्यापासून औषधाची मोठी, जड फेरी सुरू होणार होती, आणि मग कित्येक महिने घर आणि हॉस्पिटल एवढंच. अटी ठरल्या. पाण्यात उतरायचं नाही, कारण छातीत औषधाची नळी. गर्दीत मास्क. ताप आला तर गाडीत बसायचं आणि थेट हॉस्पिटल. आणि रोजची सुई चुकवायची नाही. ती टोचायला बायको सिस्टरांकडून शिकली होती. निघायच्या दिवशीची घरीच देऊन निघायचं होतं; पुढच्या दोन दिवसांसाठी हॉस्पिटलने औषध भरलेल्या दोन सुया दिल्या आणि बजावलं, गार ठेवा, पण गोठू देऊ नका.

"गार ठेवायचं मला सांगताय?" फ्रिजवाले म्हणाले होते.

हॉटेल तळ्याला लागूनच होतं. काउंटरवरच्या मॅनेजरने मिरीची टोपी पाहिली, मास्क पाहिला आणि हळूच विचारलं, "हे... दुसऱ्याला लागत तर नाही ना?"

"लागत असतं ना, तर पहिले तुम्हालाच लावून दिलं असतं."

बायकोने चावी उचलली आणि नवऱ्याला दंडाला धरून खोलीकडे नेलं.

खोली बरी होती. खिडकीतून तळं दिसायचं आणि काठाला बांधलेल्या बोटी. मिरीने खिडकीला नाक लावलं. बोटवाल्याने सांगितलं होतं, बोटी सकाळीच निघतात, दुपारी वारा सुटला की बंद. म्हणजे उद्याची सकाळ. फ्रिजवाल्यांचं लक्ष मात्र पलंगाशेजारच्या छोट्या फ्रिजकडे गेलं होतं. तो कण्हत होता. त्यांनी पेटीतला थर्मामीटर आत ठेवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. हा फ्रिज नव्हता, थंडीच्या दिवसातलं कपाट होतं. त्यांनी नॉब शेवटच्या आकड्यापर्यंत पिळला. तरी काटा ढिम्म.

"पेटीतच राहू दे ना," बायको म्हणाली. "खालून बर्फ मागून घेऊ."

"मी असताना बर्फ मागायचा?"

खिशात स्क्रू-ड्रायव्हर होताच. त्यांनी फ्रिज पुढे ओढला. मागच्या जाळीवर धुळीची गोधडी बसली होती. ती त्यांनी स्वतःच्या दात घासायच्या ब्रशने काढली. दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं. बाथरूममध्ये केस वाळवायचं यंत्र टांगलेलं होतं. मिरीच्या डोक्यावर केस नव्हते, म्हणजे ते तसंही रिकामंच होतं. त्याच्या गरम वाऱ्याने त्यांनी रबर मऊ केलं, दाबून बसवलं. फ्रिजचं कण्हणं थांबलं, काटा उतरायला लागला.

तेवढ्यात दार वाजलं. ओढाओढीचा आवाज ऐकून मॅनेजर आला होता. "साहेब, हॉटेलच्या वस्तू उघडायच्या नसतात. इथले सगळे पाहुणे हाच फ्रिज वापरतात."

"मग सगळे पाहुणे नासलेलंच दूध प्यायले असणार," फ्रिजवाले म्हणाले, आणि मग व्हरांड्यात जे जुंपलं ते जुंपलंच. नियम, सामान, जबाबदारी, माणुसकी, काही म्हणून बाकी राहिलं नाही. आत आले तेव्हा कानशिलं लाल झाली होती. काटा बरोबर जागेवर आलेला पाहून त्यांनी सुयांचा डबा आत ठेवला आणि दार असं लावलं की मॅनेजरलाही ऐकू जावं.

सकाळी फ्रिज नव्यासारखा चालत होता. आवाजसुद्धा नाही. मिरी बूट घालून पलंगावर तयार बसली होती. बायकोने आजची सुई काढून ठेवावी म्हणून डबा उघडला आणि तशीच उभी राहिली.

"अहो."

तिने सुई उजेडात धरली. आतलं औषध पांढरं, घट्ट झालं होतं. दुसरीही तशीच.

फ्रिजवाल्यांना नॉबकडे बघायची गरज नव्हती. कण्हणाऱ्या फ्रिजसाठी पिळलेला आकडा, फ्रिज बरा झाल्यावर तसाच राहिला होता. हेच ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, की दुरुस्तीनंतर नॉब मध्यावर आणा, नाहीतर भाजीचा बर्फ होईल. लोक विसरायचे, आणि हे त्यांना फैलावर घ्यायचे. तुम्हाला एवढंही कळत नाही का, म्हणायचे. काल हात नॉबकडे जायच्या वेळी ते व्हरांड्यात भांडत होते.

कोणावर तरी ओरडायला तोंड उघडलं होतं. मॅनेजर, शेजारीण, थोरली बहीण, सगळे एकेक करून डोळ्यांपुढे आले, आणि यावेळी एकाचाही काही संबंध नव्हता. तोंड तसंच मिटलं.

सिस्टर फोनवर स्पष्ट बोलल्या. गोठलेलं औषध वितळवून द्यायचं नाही, फेकून द्या. दुसऱ्या सुया भरून ठेवते, आजची संध्याकाळपर्यंत गेली पाहिजे. हॉस्पिटल अडीच तासांवर. सुया आणायला ते एकटे गेले असते, पण मग गाडी गेली असती, आणि इकडे पोरीला ताप आला असता तर? अट म्हणजे अट. तिघांनीही निघायला हवं होतं.

ते मिरीसमोर गुडघ्यावर बसले. "मिरी, परत जावं लागतंय गं. औषध खराब झालं."

चालेल, असं ती आता म्हणणार होती. त्यांनी मान आधीच खाली घातली.

"कोणी खराब केलं?"

"मी."

"कसं?"

"नॉब फिरवायचा राहिला."

मिरीने पायातला बूट काढला आणि फेकला. तो त्यांच्या कानाजवळून जाऊन फ्रिजवर आदळला.

"नाही चालणार!" ती ओरडली. "मी मास्क लावला! मी ते कडू सगळं गिळलं! मी एकदा तरी रडले का? सांग ना, रडले का? आणि तुला एक नॉब फिरवता आला नाही? तू फ्रिजवाला आहेस ना? कसला फ्रिजवाला आहेस तू!"

दुसरा बूटही आला. तो मात्र लागला.

"मिरी, बाबांशी असं..." बायको पुढे झाली.

"बोलू दे," फ्रिजवाले म्हणाले. "बोलू दे तिला."

ती बोलली. टोपी काढून तीही फेकली. चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा ताठ, आणि आवाज तोच, जुना, घर डोक्यावर घेणारा. शेवटी दमली तेव्हा म्हणाली, "तूच जा आणि घेऊन ये. मी बोटीत बसणार म्हणजे बसणार."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "गाडीचीच अडचण आहे ना? मॅनेजरकडे आहे गाडी, खाली दारातच उभी असते."

"त्याच्याकडे मी..."

"हो. त्याच्याचकडे. तुम्हीच."

फ्रिजवाले खाली गेले. काउंटरपाशी उभं राहून त्यांनी सांगितलं, काय झालं आणि कोणामुळे. आयुष्यात इतका कडू घास त्यांनी गिळला नव्हता, आणि मिरीने गिळलेल्या औषधांपुढे तो काहीच नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. मॅनेजरने पूर्ण ऐकून घेतलं. मग खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "तुम्ही येईपर्यंत मी कुठे जात नाही. पोरीला जरा काही वाटलं तर मीच चालवतो."

आभार मानणं फ्रिजवाल्यांना कधी जमलं नव्हतं. "मागची जाळी महिन्याला साफ करत जा," ते म्हणाले आणि निघाले.

वाटेत बहिणीचा फोन आला. "कशी आहे रे पोर? तरी मी सांगत होते..."

"ताई, ती चिडली माझ्यावर." त्यांनी गाडी कडेला घेतली. "बूट मारला तिने मला. दोन बूट." बहीण "अरे रडतोस काय, हसतोस काय" करत राहिली, आणि ते दोन्ही करत होते. पण तेवढंच. लगेच स्वतःवरचा संताप परत चढला. बोट आता निघाली असेल. पोरीचं बोटीत बसलेलं तोंड बघायचं म्हणून त्यांनी हे सगळं केलं होतं, आणि त्याच वेळी ते हॉस्पिटलच्या रस्त्यावर एका ट्रकच्या मागे अडकले होते. ते ट्रकवाल्याला शिव्या द्यायला लागले, मग थांबले, आणि उरलेल्या स्वतःलाच दिल्या.

परत पोचले तेव्हा वारा सुटला होता. बोटी काठाला बांधलेल्या. नव्या सुयांची पेटी पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवली होती, आणि वाटभर त्यांनी आतला काटा किती वेळा पाहिला याला हिशेब नव्हता. बायकोने हात धुतले आणि सुई दिली. यावेळी मिरीने दंड स्वतःहून पुढे केला नाही. तो धरावा लागला, आणि ती जोरात ओरडली. तिचं नाक उन्हाने लाल झालं होतं.

"बसलीस बोटीत?" त्यांनी विचारलं.

"बसले. दोनदा. बोटवाल्याने मला वल्हं धरू दिलं." मग तिची भुवई चढली. "आणि तू नव्हतास."

"नव्हतो."

"आई नुसतीच, सांभाळून, सांभाळून, करत होती. काही मजा नाही."

"चुकलं माझं."

फ्रिजवाल्यांनी उरलेली सुई आत ठेवली आणि नॉब मध्यावर आणण्यासाठी हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" मिरी पलंगावरून उतरली. तिने स्वतः नॉब फिरवला, वाकून आकडा नीट पाहिला, दार लावलं आणि कमरेवर हात ठेवून बापापुढे उभी राहिली. "पुढच्या वेळी येऊ ना, तेव्हा फ्रिजला हात लावायचा नाही. कळलं?"

बायकोच्या हातातलं सुईचं झाकण खाली पडलं. ते कोणी उचललं नाही.

"कळलं," फ्रिजवाले म्हणाले, आणि दोन्ही हात खिशात घातले.